माईंना न पटलेली सासू

दीड महिन्यापूर्वी शाळेत सकाळची प्रार्थना चालू असताना संजयचा, माझ्या आधीच्या धाकट्या दिराचा, झाशीहून फोन आला. "वहिनी, माई गेली," एवढंच तो म्हणाला. मी लगेच विचारलं, "नक्की? डॉक्टर आले होते? कोणते डॉक्टर?" दुःख मागून आलं, आधी चौकशी... माईंच्या घरात सहा वर्षं काढलेल्या माणसाला ही खोड लागतेच.

माई माझ्या पहिल्या सासूबाई. घराणं पिढ्यान्पिढ्या झाशीचं. मराठी उंबऱ्याच्या आत, बाहेर सगळा हिंदीचा कारभार. माईंनी एका सरकारी कचेरीत आलेलं टपाल नोंदवण्यात उमर काढली होती, त्यामुळे प्रत्येक लिफाफा आणि प्रत्येक माणूस उलटून बघायची त्यांना सवय. दूधवाल्या भैयालासुद्धा आधी स्वतः एक घोट प्यायला लावत. माझे पती माधव गरौठ्याच्या रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात गेले तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. मूलबाळ नव्हतं. माहेरचे 'ये' म्हणाले, पण कुणी न्यायला आलं नाही. मी माईंकडेच राहिले.

त्या वर्षी टीव्हीवर एक मालिका लागायची. तोवर मालिकांतल्या सासवा दोनच जातींच्या: विष कालवणाऱ्या, नाहीतर देवघरात मुळूमुळू रडणाऱ्या. ही सासू त्यातली नव्हती. विधवा सुनेला शिकवत होती, तिला रंगीत साड्या आणत होती, तिच्यासाठी स्थळ बघत होती. शेजारच्या शुक्लाइन चाची रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊन डोळे पुसत. "देवी है, देवी!"

"ठहरिए चाची," माई म्हणत. "ऐसी मीठी सास को कुछ चाहिए होता है." मग माझ्याकडे वळून, "बघितलंस? सुनेच्या कपाटाकडे का बघितलं तिनं? पुढच्या हप्त्यात कळेल."

पुढच्या हप्त्यात काहीच कळत नसे. त्या बाईवर नजर ठेवता ठेवता माझी नजर मात्र माईंवर गेली. कारण माईही अलीकडे गोड झाल्या होत्या. शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाचा फॉर्म त्यांनीच आणून भरला. ताटात गरम फुलका आधी माझ्या. आणि दर शुक्रवारी त्या एकट्याच लक्ष्मी ताल या तलावाकाठच्या महालक्ष्मीच्या दर्शनाला जायला लागल्या. मी येते म्हटलं तर, "नको, ऊन आहे." परत येत त्या रिकाम्या हातानं. महालक्ष्मीला गेलेलं माणूस प्रसादाविना कसं येतं? घरात खोल्या अडीच, संजयचं लग्न ठरायचं होतं... मी मनातल्या मनात दोन आणि दोन चार केले.

तिसऱ्या शुक्रवारी मी दुसऱ्या रिक्षातून मागे गेले. माई देवळात गेल्याच नाहीत. तलावाच्या पायऱ्यांवर एक अनोळखी बाई बसली होती, तिच्याशेजारी जाऊन बसल्या आणि पिशवीतून एक फोटो काढून तिच्या हातात दिला. फोटो माझा होता.

त्या संध्याकाळी चाची आल्या नव्हत्या. पडद्यावरची सासू सुनेला खीर भरवत होती. मी तलावावर पाहिलेलं सांगितलं आणि विचारलं, "माई, मला घालवायचंय का तुम्हाला?"

माईंनी आवाज बंद केला. मला वाटलं, आता उलटतपासणी होणार, मागे का आलीस म्हणून.

"हो," त्या म्हणाल्या. "मी काही ह्या बाईसारखी नाही. दारात तुझ्या चपला दिसल्या की वाटतं, दोघं आली. मग तू एकटीच दिसतेस. मला तुझा राग येतो, बेटा. तुझी काही चूक नाही, तरी येतो. रोज नाही सोसवत आता. आणि संजयला खोली लागेल, तेही आहेच." मग म्हणाल्या, "तलावावरच्या त्या बाईंचा मुलगा टहरौलीला मास्तर आहे. त्याची आई फार गोड बोलते, म्हणून अजून हो म्हटलेलं नाही."

मी पंधरा दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पण माधव गेल्यापासून इतक्या जणांनी माझं सांत्वन केलं, त्यांत खरं वाटलं ते एवढंच बोलणं.

चौकशा वर्षभर चालल्या. त्या बाईंच्या शेजाऱ्यांना विचारलं, शाळेत विचारलं, मुलाच्या आधीच्या भाड्याच्या घराच्या मालकालासुद्धा माई भेटून आल्या. माझ्या लग्नाला मात्र आल्या नाहीत. "बघवणार नाही," म्हणाल्या. पहिल्या दिवाळीला मी भेटायला गेले, तोवर ती मालिका संपली होती. ती सासू शेवटपर्यंत चांगलीच राहिली. माई नाराज होत्या. "लिहिणाऱ्याला सासू कळलीच नाही."

"पण तिनंही सुनेला पाठवलंच ना, तुमच्यासारखं?"

"पाठवलं. एकदा तरी चिडली का तिच्यावर? मुलगा गेलाय तिचा! मग खोटं."

माईंच्या तेराव्याला मी गेले. अंगणात सतरंजीवर बसलेल्या बायका माझ्याकडे बघून कुजबुजत होत्या. शेवटी एकीनं विचारलंच, "आप किस रिश्ते से?" काय सांगणार होते? नातं तर कागदावरून कधीच पुसलेलं.

स्वयंपाकघराच्या दारातून संजयची बायको मनीषा म्हणाली, "जेठानी हैं हमारी." थोरली जाऊ. आणि मग मला, मराठीत, जरा वैतागूनच, "वहिनी, बसून काय राहिलात? भात लागतोय. बघा जरा."

मी उठले. स्वयंपाकघरात ओटा नवा होता, फरशी नवी होती. भात ढवळायला डाव हवा होता. न बघताच माझा हात दारामागच्या खिळ्याकडे गेला. माईंनी टांगला होता तिथंच तो होता.