मेश्राम दीदींची सुट्टी

मेश्राम दीदी रागावल्या की त्यांचा आवाज चढत नसे, खाली येत असे. रायपूरजवळ सिलतऱ्याच्या लोखंड कारखान्यातली आमची लॅब. भिंतीपलीकडे भट्टीची घरघर सतत चालू. दीदींचं ऐकायचं तर पुढे वाकावं लागे. समोरचा माणूस वाकून, कान देऊन आपलीच खरडपट्टी ऐकून घेई. मला ते फार आवडायचं.

त्या मूळच्या भंडाऱ्याकडच्या, लग्न होऊन रायपूरला आलेल्या. यजमान रेल्वेत गार्ड. मूलबाळ नाही. या शेवटच्या गोष्टीचा आमच्या लॅबने उपयोग करून घेतला होता. भट्टी सणालाही बंद होत नाही, नमुने तपासायला कोणीतरी लागतंच, आणि ते कोणीतरी म्हणजे दीदी. दिवाळी, होळी, मे महिना, सगळं पोरंबाळं असलेल्यांचं. त्यांचा स्वतःचा सण बुद्ध पौर्णिमा. तोही येतो नेमका शाळेच्या सुट्ट्यांत, म्हणजे तोही गेला. इन्चार्ज साहेब दर वेळी हसून म्हणत, “आपको क्या है दीदी, आप तो फ्री हैं.”

फ्री! भाऊजी गाडीवरून घरी आले की या ड्यूटीवर, या घरी आल्या की ते गाडीवर. संध्याकाळी दोघांनी तेलीबांध्याच्या तलावावर फिरायला जायचं, एवढा साधा बेत महिनोन्महिने पुढे ढकलला जायचा.

पोरांवर त्यांचा राग नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण मागाहून लोक तसंच बोलले. एका सहकाऱ्याच्या मुलीला डेंग्यू झाला तेव्हा कोणी न सांगता दीदींनी त्याची पाळी केली, आणि लगेच स्वतःचीही. मी विचारलं, तर म्हणाल्या, “पोरगी बिमार असंन तर मले झोपेतून उठव. पण पोट्टे मामाकडे आंबे खायले चालले म्हणून मी काहून मरू? मलेबी माहेर हाये.”

भाऊजींच्या रिटायरमेंटच्या दिवसाची सुट्टी त्यांनी फार आधी मागून ठेवली होती. मंजूरही झाली. गोलबाजारात साडी घ्यायला मला सोबत नेलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना रंगावरून दुकानदाराशी भांडताना पाहिलं. आदल्या दिवशी साहेबांनी सुट्टी रद्द केली. दुसऱ्या सीनियरच्या मुलाच्या शाळेत कार्यक्रम होता, मुलगा नाचात होता. मी म्हटलं, दीदींची पाळी मी करते. साहेब म्हणाले, मोठा माल जायचाय, रिपोर्टवर सहीला जुनंच माणूस हवं. मग नाच बघायला जाणाराही जुनाच होता की! पण त्याला मूल होतं. उद्या आला नाहीत तर नोकरीचं बघावं लागेल, असंही त्यांनी दीदींना गोड शब्दांत ऐकवलं.

रेल्वेत निरोप देताना नवरा-बायकोला जोडीने बसवतात. भाऊजींच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. दुसऱ्या दिवशी दीदींनी मला एवढंच सांगितलं, “मी इथं नमुने तपासून राहिली होती, अन् तिकडे ह्यायले एकट्याले हार घालून राहिले होते.” मग त्यांनी राजीनामा लिहिला. साहेबांना खरंच कळलं नाही, एका दिवसासाठी एवढं काय.

त्यांचा निरोप दिवाळीच्या तोंडावर झाला. केक आला, समोसे आले. साहेबांनी भाषण ठोकलं. दीदींना मूल नव्हतं, पण ही लॅबच त्यांची फॅमिली, आम्ही सगळे त्यांची मुलं, असं म्हणताना साहेबांनी डोळ्यांना रुमालही लावला. मला समोर ठेवलेला केक उचलून भिरकावावासा वाटला.

दीदी उठल्या. म्हणाल्या, “साहब, मेरी फैमिली गेट पर खड़ी है. धूप में.”

आणि पर्स घेऊन निघाल्या. केक कापला नाही. मी खिडकीशी गेले. भाऊजी स्कूटरजवळ उभे होते. त्यांनी दीदींची पर्स हातात घेतली, त्या मागे बसल्या, आणि दोघं रायपूरच्या रस्त्याला लागली. मागे वळून कोणीच पाहिलं नाही.

खोलीत समोसे संपायच्या आत चर्चा सुरू झाली, आता दिवाळीच्या ड्यूटीचं काय. हळूहळू सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझं लग्न झालेलं नाही, रायपूरच्या बुढापाऱ्यात भावाच्या घरी राहते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांनी हसून विचारलं, घरी काही विशेष आहे का?

मी म्हटलं, काही नाही. पण मी येणार नाही.