कुंदाकाकूंची चार बटणं

मागच्या गुरुवारी तुमसर रोडवरच्या एका राईस मिलमध्ये माझी चांगलीच जिरली. सांगायला लाज वाटत नाही, कारण शेवट चांगला झाला.

मी कारध्याचा, भंडाऱ्यात कॉम्प्युटरची कामं करतो. या मिलमध्ये धान आलं की गेटवर पोत्यातून नमुना काढतात आणि कुंदाकाकू तो तपासून कॉम्प्युटरवर नोंदवतात... ओलावा किती, दाणा कसा, घ्यायचं की परत पाठवायचं. त्यांचा प्रोग्राम साधारण माझ्याच वयाचा असेल. काळी स्क्रीन, हिरवी अक्षरं, माऊसचं नाव नाही.

प्रोग्राम ऑफिसातल्या सर्व्हरवर अजून ठणठणीत चालतो. पण ज्या जुन्या मशीनवर काकू बसायच्या, ते ऐन धानाच्या हंगामात बंद पडलं. मग मी नवा कॉम्प्युटर बसवला आणि त्यात टर्मिनलचं एक ओपन सोर्स, म्हणजे फुकट मिळणारं आणि कोणालाही बदलता येणारं, सॉफ्टवेअर टाकलं. त्यामुळे प्रोग्रामला वाटतं की समोर अजून तेच जुनं मशीन आहे. सॉफ्टवेअरवर एकही पैसा न घालता काम झालं, म्हणून माझी कॉलर ताठ.

आठ दिवसांत मालकांचा फोन. काकूंचा हात चालत नाही, गेटवर ट्रॅक्टरची रांग लागते, त्यांचं वयही झालं... नवीन ऑपरेटर बघतो आणि त्यांना पॅकिंगकडे पाठवतो. त्याआधी एकदा येऊन बघून जा म्हणाले.

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं त्या खुर्चीत बसलेल्या बाईला पोती शिवायला पाठवायचं, आणि तेही मी बसवलेल्या मशीनमुळे!

गेलो. एक दोष लगेच सापडला. काकू F10 दाबायच्या, पण ते बटण प्रोग्रामपर्यंत पोचायचंच नाही. टर्मिनलची खिडकी ते मधल्यामध्ये अडवून स्वतःचा मेनू उघडायची. ते सेटिंग बदललं आणि वाटलं, झालं काम.

कुठलं काय... मंजूर, नामंजूर, पुढचा नमुना, मागचा नमुना, ही काकूंची रोजची चार बटणं. मॅन्युअलप्रमाणे ती F1 ते F4 वर अगदी बरोबर होती. मी एकेक दाबून दाखवलं, सगळं चाललं. काकू बसल्या की पुन्हा तेच. हात थांबायचा, चाचपडायचा, भलतंच बटण लागायचं.

"मले नाही जमत आता, बापू," काकू म्हणाल्या. "तू कायले जीव आटवून राहिला? मालक म्हणते ते बरोबरच आहे."

खरं सांगतो, मीही मनातून वैतागलो होतो. चार बटणं लक्षात ठेवायला काय लागतं, असं वाटून गेलं.

तेवढ्यात बपेऱ्याकडचा एक ट्रॅक्टर आला. मी काकूंच्या मागे जाऊन उभा राहिलो. त्यांनी डाव्या हातात मूठभर धान घेतलं, अंगठ्याने चोळलं, दोन दाणे दाताखाली फोडले आणि उजव्या हाताने ओलावा टाईप करून मोकळ्या झाल्या. ओलावा मोजायचं मीटर बाजूलाच आहे, त्यावरही जवळपास तोच आकडा आला.

आता मंजुरीचं बटण दाबायचं, तर ते कीबोर्डच्या पार डावीकडे. डाव्या मुठीत धान. काकूंनी धान ताटलीत ठेवलं, हात पदराला पुसला, बटण शोधून दाबलं. पुढच्या नमुन्याला पुन्हा तेच सगळं...

मी इतका वेळ फक्त बटणं बघत होतो. काकूंचा डावा हात पाहिलाच नव्हता.

"काकू, जुन्या मशीनवर ही बटणं कुठे होती?"

त्यांचा उजवा हात न बघताच कीबोर्डच्या उजवीकडे, आकड्यांच्या चौकोनातल्या सगळ्यात वरच्या ओळीवर गेला. "इथं होते ना. माझा डावा हात कधी मोकळा असते का?"

तशा जुन्या कीबोर्डवर ही चार बटणं खरंच तिथे असायची. नव्यावर ती डावीकडे जातात, आणि मी पुस्तकात बघून तशीच ठेवली होती. कोणतं बटण काय करेल, हे या सॉफ्टवेअरमध्ये एका साध्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं. मी चार ओळी बदलल्या. कोणाची परवानगी नाही, कंपनीला फोन नाही.

काकू बसल्या आणि कीबोर्डकडे एकदाही न बघता सुरू झाल्या. जेवणाच्या सुट्टीआधी गेट रिकामं झालं. मालक दारातून बघत होते. "मग नवीन माणूस कायले पाहिजे," एवढंच बोलून निघून गेले.

मी बॅग भरत होतो तर काकूंनी हाक मारली. "बापू, एका बटणात पूर्ण ओळ बसते का? 'धान ओले आहे, वाळवून आणावे'... हे मी रोज कितीदा टाईप करून राहिली."

बसते की! बसवून दिली. काकूंनी ते बटण दाबलं, ओळ उमटली. पुसली आणि उगाच पुन्हा एकदा दाबली. सकाळी 'जमत नाही' म्हणणारी बाई आता मला कामं सांगत होती, आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

ज्यांनी कुठेतरी बसून हे सॉफ्टवेअर बनवलं आणि ती फाईल आपल्यासारख्यांसाठी उघडी ठेवली, त्यांना आमचं तुमसर ठाऊकही नसेल. त्यांचे मनापासून आभार. आणि काकू, तुम्हाला सॉरी... तुमच्या वयाला दोष देण्याआधी मी तुमचं काम बघायला हवं होतं.

पॅकिंगकडे काकू आता फक्त चहाला जातात.