मारामारीच्या आधी उठणारा माणूस

कॅम्पातल्या टॉकीजला तो कराटेचा सिनेमा दर एक-दोन वर्षांनी परत लागायचा. आम्ही कॉलेजची पोरं दर वेळी मारामारी बघायला जायचो. धोतर नेसलेला एक म्हातारा मात्र मारामारी सुरू व्हायच्या आत उठून जायचा. गुरू नायकाकडून एकच हात शंभरदा घोटून घेतो, तो भाग आम्हाला रटाळ वाटायचा. नेमका तेव्हा हा पुढे सरकून बसायचा. त्याचे पाय आळीपाळीनं जमीन दाबायला लागायचे आणि आमची अख्खी रांग हलायची.

एकदा मी वैतागून म्हटलं, "आप्पा, पाय थांबवा की जरा."

त्यानं लगेच पाय आवरले. "चुकलं रं बाळा. वडगावात हातमाग होता माझा. मागाच्या पट्ट्या दाबत चाळीस वर्सं पाय असंच चाललं."

"आता न्हाय?"

"पोरानं पावरलूम घातलं. ते आपलं आपण चालतंय. मी नुसता तुटलेला धागा जोडतो." मग पडद्याकडं बघत म्हणाला, "हाताला एवढं शिकवत्यात, ते आता हितंच बघाय मिळतंय."

सराव संपला आणि तो उठून गेला.

पुढच्या खेपेला सिनेमा लागला तेव्हा मी मुद्दाम त्याच्या शेजारी बसलो. सराव सुरू झाला तरी रांग हलली नाही. मी खाली पाहिलं. एका पायावर दुसरा पाय घट्ट दाबून तो बसला होता.