वरच्या मजल्यावरची पावलं

सगळी गल्ली तिला चष्मेवाली म्हणायची, कारण ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर. अधूनमधून पाहुण्यासारखा उगवायचा. घरात ती आणि आठ वर्षांची चिऊ. भाड्यानं घेतलेल्या त्या वरच्या मजल्याची जमीन लाकडी, आणि भारी कुरकुरणारी. खोलीच्या मध्यावर पाय पडला रे पडला, की फळ्या कण्हायला लागायच्या. लगेच खालून मालकीणबाई छतावर झाडूचा दांडा आपटायच्या. ठक, ठक!

चष्मेवाली कुणाच्या अध्यात ना मध्यात. खाली जाऊन माफी मागायची आणि वर येऊन चिऊला सांगायची, "बाळा, भिंतीकडेनं चाल. कडेच्या फळ्या बोलत नाहीत."

चिऊ शहाणी पोर. तिनं ऐकलं.

किती ऐकलं, ते शाळेतल्या बाईंनी बोलावून घेतलं तेव्हा कळलं. "अहो, तुमची मुलगी मैदानातसुद्धा कुंपणाच्या कडेकडेनं, चवड्यांवर चालते. मुलं तिला मांजर म्हणतात. पळ म्हटलं की रडते. घरात काही मारहाण वगैरे...?"

चष्मेवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मारहाण! जिला कधी बोट लावलं नाही, ती पोर मोकळं पळणंच विसरली, ते काय तर चार फळ्यांपायी!

सुट्टीच्या दिवशी तिनं गॅरेजवाल्याकडून ड्रिल मागून आणलं, पलंग सरकवला आणि सर्वांत जास्त कुरकुरणारी फळी उचकटली. आत दोन तुळयांच्या मध्ये नुसती पोकळी. तुळयांच्या अंगावर मात्र जागोजागी चौकोनी फिकट डाग, आणि प्रत्येक डागात खिळ्यांची दोन भोकं. म्हणजे तुळयांना धरून ठेवणारे आडवे ठोकळे इथे होते, आणि कुणीतरी ते खालून काढून नेले होते. अशा जाड ठोकळ्याचं टोक, त्यावर दोन भोकं... हे तिनं कुठे पाहिलं होतं? रोज पाहत होती! खाली जिन्यापाशी, मालकीणबाईंच्या चपलांच्या रॅकवर चिऊचे बूट ठेवताना!

ती तरातरा खाली गेली.

"मालकीणबाई, हा चपलांचा रॅक कुठून आणलात?"

"आणला कुठला, करून घेतला. आमचं छत नवीन केलं ना, तेव्हा वर फुकटचं लाकूड अडकलेलं निघालं. सागवान आहे हो. वाया कशाला घालवायचं?"

"फुकटचं? माझ्या पोरीच्या पायाखालचं लाकूड काढून त्यावर चपला मांडल्यात, आणि वर दांडा आम्हालाच आपटता? चोर ते चोर, वर शिरजोर!"

"आवाज खाली! घर माझं आहे."

"घर तुमचं. पाय तिचे!"

तिनं रॅकवरच्या चपला भराभर खाली उतरवल्या आणि रॅक खांद्यावर घेतला.

"अहो, अहो! चपला कुठे ठेवू मी?"

"भिंतीकडेनं ठेवा!"

दिवसभर ती घाम पुसत राहिली. रॅक मोडला, ठोकळे एकेक करून आपापल्या डागावर बसवले, स्क्रू पिळले, फळ्या लावल्या. मग मध्यावर उभी राहून तिनं टाचा आपटल्या. लाकडानं हूं की चूं केलं नाही.

"चिऊ, ये."

चिऊ दाराशी, पाठ भिंतीला. "खालच्या आजी ठोकतील."

"ठोकू देत. ये तू."

चिऊनं चवडा टेकला. मग टाच. "आई, जमीन झोपली?"

"झोपली. आता उडी मार."

चिऊनं उडी मारली. धप्प!

ठक, ठक!

पोर पुन्हा भिंतीला चिकटली. चष्मेवाली जिन्याच्या दारात गेली आणि आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "मालकीणबाई, फळी नाही वाजत आता! पोर उड्या मारतेय! आठ वर्षांची आहे, उड्याच मारणार!"

परत येऊन तिनं चिऊचा हात धरला. दोघींनी मिळून उडी मारली. खालून ठक आलं, पण एकदाच. पुढची उडी चिऊनं हात सोडवून घेऊन, एकटीनं मारली.