रोबोटच्या कपाळावरचं कुंकू

साखरपुड्याची अंगठी उंबऱ्यातच खाली पडली. पाडणारा आमच्या क्लासचा रोबोट होता, त्यामुळे चौलच्या त्या मांडवातले पाहुणे नवऱ्यामुलाला सोडून माझ्याकडे बघायला लागले.

मी रिटायर्ड इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर. आयुष्यभर कंपनीतले सेन्सर सांभाळले, आता अलिबागला मुलांचा रोबोट क्लास चालवतो. खेळण्याच्या किटमधले प्लास्टिकचे तुकडे एकमेकांत बसवायचे, मोटर आणि सेन्सर जोडायचे आणि लॅपटॉपवरून त्याला सूचना द्यायच्या. यालाच प्रोग्राम म्हणतात. शिकवते प्रणाली. मी चहा पितो आणि सल्ले देतो.

साखरपुडा तिचाच होता. होणारे सासरे पेणचे, डंपरचा धंदा, सगळे त्यांना शेठ म्हणतात. लग्नानंतर सुनेने नोकरी करावी का, यावर बैठकीत त्यांनी एवढंच विचारलं होतं, "पोरांच्या खेलन्यांशी खेलाला पगार कशाला?"

प्रणाली वाद घालत बसली नाही. मला म्हणाली, "सर, अंगठी रोबोटच आणेल. काम बघितलं की कळेल त्यांना. नाहीच कळलं तर मात्र क्लास तुम्हाला एकट्यालाच बघावा लागेल." मी लगेच मान डोलावली.

काम तसं साधं. रोबोटच्या पोटाखालचा सेन्सर जमिनीवरची काळी पट्टी बघत चालणार. कपाळावरचा सेन्सर रंग ओळखणार. नवरामुलगा निखिल पट्टीच्या टोकाला लाल कार्ड धरून बसणार. लाल दिसलं की रोबोट थांबणार आणि पंजातली अंगठी सोडणार. सकाळी ट्रायल घेतली, एकदम झकास. रोबोट उंबऱ्याजवळ ठेवून आम्ही पोह्यांवर तुटून पडलो.

आणि आता बटण दाबताच त्याने जागच्या जागी पंजा उघडला होता.

"मी काय बोललो व्हतो?" शेठ शेजारच्या पाहुण्याला म्हणाले. हळू बोलायची त्यांना सवय नव्हती.

"बॅटरी!" मी ओरडलो.

"बॅटरी गेली असती तर पंजा उघडला असता का, सर?"

"मग प्रोग्राम उडाला."

"सकाळचाच आहे." भरजरी हिरव्या साडीत प्रणाली उकिडवी बसली आणि तिने लॅपटॉप उघडला. सेन्सरला या क्षणी काय दिसतंय, ते त्यावर वाचता येतं. तिथे लिहिलं होतं, लाल.

"निखिल, कार्ड खिशात टाक."

तरीही लाल. तिने समोर पांढरा रुमाल धरला. तरीही लालच.

"म्हणजे लाल याच्या समोर नाही, याच्या डोळ्यावरच आहे," ती म्हणाली आणि तिने रोबोट उचलून उलटा फिरवला. कपाळावरच्या सेन्सरवर कुंकवाचं ठसठशीत बोट होतं. वर दोन अक्षताही चिकटल्या होत्या. बिचाऱ्याला सुरुवातीलाच मुक्काम आल्यासारखं वाटलं होतं.

"कोणी लावलं हे?"

मग शेठ खाकरले.

"मी लावला. नवीन गारी हाय म्हनून." त्यांचा कुठलाही नवा डंपर कुंकू लावल्याशिवाय गेटबाहेर पडत नाही. "कपाल तेवराच दिसला मना."

आता एक शब्द वाकडा गेला असता तर नोकरी संपली असती. प्रणालीने सेन्सर पुसला आणि आईच्या हातातला करंडा थेट शेठच्या पुढे धरला.

"मामा, तुमच्या हातचं कुंकू हवंच. फक्त डोळ्यात नको, टपावर लावा."

शेठनी अगदी गंभीरपणे टपावर बोट टेकवलं. प्रणालीने अंगठी पुन्हा पंजात अडकवली आणि बटण दाबलं. रोबोट निघाला, पट्टीवरून डुलत डुलत गेला, कार्डापुढे थांबला आणि त्याने अंगठी निखिलच्या हातात ठेवली. सगळ्यात जोरात टाळ्या शेठनी वाजवल्या. मला इतका आनंद झाला की मी दोन जिलब्या जास्त खाल्ल्या.

जेवताना ते माझ्या शेजारी येऊन बसले.

"सर, माझा नवीन डंपर मधीच बंद परतो. शोरूमवाले म्हन्तान सेन्सर, सेन्सर. सूनबाईला दाखवू का?"

"दाखवा की. पण रविवारी. बाकीचे दिवस तिला क्लास असतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग जिलबीकडे. "मंग रविवारीच दाखवतो," म्हणाले.

ट्रायल आणि कार्यक्रम यांच्यामध्ये माणसं येतात, हे कंपनीतही मला कोणी शिकवलं नव्हतं. त्यांना अडवता येत नाही. आमच्या क्लासच्या प्रत्येक रोबोटच्या टपावर आता एक सपाट तुकडा असतो. मुलं विचारतात, हा कशासाठी? प्रणाली सांगते, "सासऱ्यांसाठी."