जायला शिकवणारे अप्पा

माकणीच्या नागनाथअप्पांची आणि माझी ओळख त्र्याण्णवच्या भूकंपानंतरची. आम्ही आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीची चार-सहा कॉलेजातली पोरं जुन्या कपड्यांचा टेम्पो घेऊन लोहारा भागात पुण्य कमवायला गेलो होतो. गठ्ठ्यातून निघालेला सुटाचा कोट मी एका आजीबाईंच्या हातात ठेवला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि शेजारच्या शाळामास्तरांना विचारलं, "मास्तर, ह्याच्यात पीठ मळू का?"

ते मास्तर म्हणजे अप्पा. "पोरांनो, काय पायजे ते इचारलं का कुणाला?" एवढंच म्हणाले. छावणीत पिठाच्या पोत्यांची थप्पी लागली होती, आणि भाकरी भाजायला तवा नव्हता. अप्पांनी आम्हाला आसपासच्या गावांत तवे गोळा करायला पिटाळलं. तिथंच त्यांचं तरुणांचं मदत पथक उभं राहिलं. आधी विचारायचं, मग उचलायचं, हा त्याचा नियम.

मदतीला हद्द नसते हे आपण भाषणात म्हणतो. अप्पांनी ते अंगाला लावून घेतलं. कर्नाटकात पूर आला तेव्हा कानडी येणारी पोरं त्यांनी आधी धाडली. पुढं नेपाळात भूकंप झाला. पथकात सगळ्यात तयारीची होती तामलवाडीची रेश्मा. तिचे वडील अडून बसले.

"अप्पा, पोरगी परमुलखात कशी धाडू?"

"लगीन करून परमुलखात धाडायला चालंल की तुमाला! तितनं तर ती परतबी येत न्हाय."

रेश्मा गेली. ती परत येईपर्यंत अप्पा तामलवाडीलाच मुक्कामाला राहिले. म्हणाले, "बापाचा जीव टांगणीलाय. त्यालाबी मानूस लागतंय."

आपल्यामागं पथक रेश्माच चालवील, असं अप्पांनी मनात धरलं होतं. पण नेपाळातल्या छावणीनं तिला नर्स केलं आणि नर्सिंगनं जर्मनीला नेलं. बाकीची कुणी दुबईला, कुणी मस्कतला. पासपोर्टाच्या कामाला अप्पा प्रत्येकासोबत स्वतः गेले होते.

अलीकडं वाशीकडं पाणी शिरलं, तेव्हा पथक म्हणून जीपमधून उतरले ते अप्पा आणि त्यांच्याच वयाचे दोन निवृत्त गुरुजी. पत्र्यावर अडकलेल्या एका बाईंनी वरूनच हाक दिली, "अप्पा, तुमी तितंच थांबा! तुमाला कोण काढायचं?" सगळे हसले. अप्पाही हसले.

परतताना मी त्यांच्या जीपमध्ये होतो. न राहवून म्हणालो, "रेश्माला बोलवून घ्या की. तुमचा शब्द मोडायची न्हाय ती."

"म्हनूनच बोलवत न्हाय. ती तितं म्हाताऱ्या, आजारी मानसांचं करती. तीबी मानसंच हायत न्हवं? मानूस सगळीकडं सारखा, हे म्याच शिकवलं. आता कोनत्या तोंडानं म्हनू, आपली तेवढी येगळी?" मग स्वतःशीच म्हणाले, "जायाला शिकवलं. परत याया शिकवायचं राहिलं."

अप्पांच्या पंचाहत्तरीला काय द्यावं, हे विचारायला आमची गौरवसमिती वाजतगाजत त्यांच्या घरी गेली. अप्पा म्हणाले, "पाच पोरं द्या. पावसाळ्याच्या आत." समितीनं गांभीर्यानं विचार केला. आमच्यातल्या प्रत्येकाच्या घरी एकदोन तरुण आहेत. कुणाची परीक्षा होती, कुणाचा क्लास, कुणाचा व्हिसा यायचा होता. मग आम्ही एकमतानं गौरवग्रंथ काढायचं ठरवलं. या समितीत जेवढी माणसं आहेत, तेवढी पथकात असती तर हा लेख लिहायला मला वेळच मिळाला नसता.

अशा लेखाच्या शेवटी उत्सवमूर्तींना दीर्घायुष्य चिंतायचं असतं. ते मी मनापासून चिंततो. अप्पांनी शंभरी गाठावी, त्यांचे गुडघे शाबूत राहावेत, पुराच्या पाण्यात त्यांचा पाय घसरू नये. कारण पुढच्या पावसाळ्यासाठी या जिल्ह्यानं दुसरी काही तजवीज केलेली नाही.