डॉक्टर पांढरीपांड्यांची पिकोलो

डॉक्टर पांढरीपांड्यांचा फोन आला की पहिलं वाक्य कुणीतरी दगावल्याचंच असायचं. पहिल्यांदा तो आला तेव्हा मी ऑफिसात मीटिंगला निघाले होते. "बेटा, व्हायोलिन गेलं," पलीकडून दबका आवाज आला. "सकाळी चांगलं होतं बाप्पा. आता हूं नाही की चूं नाही." मी धसकलेच. मग लक्षात आलं की हे व्हायोलिन लाकडाचं नव्हतं, कॉम्प्युटरमधलं होतं. तेव्हा मात्र मला इतकं हसू आलं की मीटिंगला उशीर झाला.

आमची ओळख वेल्समधल्या कार्डिफच्या मराठी मंडळाच्या तिळगुळाला झाली होती. मी पुण्याहून आलेली, एका इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर, एवढंच मी त्यांना सांगितलं होतं. तेवढ्यावर त्यांनी मला आपल्या कॉम्प्युटरची फॅमिली डॉक्टर नेमून टाकलं. ते स्वतः भूलतज्ज्ञ. तरुणपणी नागपूरहून आले आणि इथल्या एका सरकारी हॉस्पिटलात लोकांना झोपवण्यात आणि उठवण्यात त्यांचा जन्म गेला. एवढं लांब आडनाव वेल्श जिभेला झेपेना, म्हणून हॉस्पिटलात सगळे त्यांना 'डॉक्टर पी' म्हणत. तिथल्या हौशी ऑर्केस्ट्रात ते व्हायोलिन वाजवत, बरंच वाईट. पण त्या वर्षी ऑर्केस्ट्राने वसंतातल्या कॉन्सर्टला त्यांची स्वतःची रचना वाजवायचं कबूल केलं होतं. अहिर भैरवावर बेतलेली, पहाटेची. ती लिहायला त्यांनी स्वरलिपीचं सॉफ्टवेअर आणलं होतं. पडद्यावर सूर मांडायचे, बटण दाबायचं, की लिहिलेलं सगळं त्या त्या वाद्याच्या आवाजात वाजून दाखवणार. निदान डब्यावर तसं छापलं होतं.

त्या पहिल्या व्हायोलिनचा आवाज त्यांनीच माऊसच्या धक्क्याने शून्यावर नेला होता. पुढच्या खेपेला सबंध चेलो ढोल-झांजांसारखा वाजायला लागला. या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक वाद्याला एक चॅनल असतो आणि दहावा चॅनल तालवाद्यांसाठी राखलेला असतो. डॉक्टरांनी चेलोला नेमकं तिथे बसवलं होतं. अहिर भैरवाची आलापी डबे आपटल्यासारखी सुरू झाली तेव्हा स्वयंपाकघरातून काकू ओरडल्या, "अहो, घर पाडून राहिले का?" आणखी एकदा व्हायोलिनं मधूनच तारा छेडल्यासारखी टुणटुण करू लागली ती शेवटपर्यंत. बोटाने छेडा असं त्यांनी लिहिलं होतं, पण पुन्हा गज घ्या असं लिहायला विसरले होते. मी ते दाखवल्यावर ते खूश झाले. म्हणाले, "हे बरं आहे. सांगितलं तेवढंच करते. आमचे ज्युनिअर असे पाहिजे होते."

कॉम्प्युटर सुरू करण्याआधी ते दर वेळी खाली वाकत आणि प्रत्येक वायरवरून भिंतीपासून टोकापर्यंत दोन बोटं फिरवत. मला त्याचा भयंकर कंटाळा यायचा. मी एकदा म्हणालेही, "काका, कालच तर बघितल्यात." तर म्हणाले, "यंत्र म्हणजे जावई, बेटा. गोड बोलतं, पण लक्ष ठेवा लागते." ऑपरेशन थिएटरात रोज सकाळी भुलीचं यंत्र ते असंच नळीनळीने तपासत. तिथे त्यांचा एकच नियम होता, "तपासल्याबिगर कोणाला झोपवायचं नाही." माणूस विनोदी, पण हे वाक्य म्हणताना ते कधी हसले नाहीत.

फेब्रुवारीत काकू बहिणीच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "यांना काही सांगायचं तर ओरडून सांग. माझं तर एक अक्षर ऐकत नाहीत." डॉक्टर माझ्याकडे बघून डोळे मिचकावत म्हणाले, "सगळ्या बायका हेच म्हणतात." आम्ही तिघंही हसलो.

आणि मग पिकोलो आजारी पडली. पिकोलो म्हणजे अगदी बारीक, उंच आवाजाची छोटी बासरी. रचनेच्या शेवटी, उजाडताना, एक पक्षी आकाशात चढत जातो असं त्यांनी तिच्यासाठी लिहिलं होतं. "खालच्या मजल्यावर श्वास घेते," त्यांनी फोनवर सांगितलं, "जिना चढली की संपली." मी फोनवरूनच औषधं सुरू केली. वाद्याच्या आवाक्याबाहेरचे सूर हे सॉफ्टवेअर तांबडे दाखवतं. ते म्हणाले, सगळे काळेच आहेत. सीडी घालून सगळं पुन्हा बसवायला सांगितलं, त्यांनी बसवलं. साउंड कार्डच्या सेटिंग्ज बदलल्या. शेवटी त्यांनी स्पीकरसुद्धा नवे आणले. पिकोलो वर जाऊन मरतच होती. मी चिडले. जो दोष मला डोळ्यांसमोर पुन्हा घडवून दाखवता येत नाही, त्याच्यावर माझा विश्वास नसतो. एका शनिवारी दुपारी मी तडक त्यांच्या घरी गेले.

हॉलमध्ये पाय टाकल्यापासून माझं डोकं उठलं. छतावरच्या स्मोक अलार्मची बॅटरी संपत आली होती आणि तो थोड्या थोड्या वेळाने टोचल्यासारखा 'टीं' करत होता. इथल्या घरांत हे नेहमीचंच, पण माणूस ताबडतोब स्टूल शोधतो. डॉक्टर मात्र निवांत चहा गाळत होते. मी म्हटलं, आधी पिकोलो बघू.

त्यांनी वायरी तपासल्या. शेवटचं पान उघडलं, बटण दाबलं आणि हात बांधून उभे राहिले. पिकोलो चढायला लागली. स्वच्छ, सुरेख, थेट वरपर्यंत. मला पहिल्यांदाच कळलं की हा हौशी माणूस खरोखर काहीतरी सुंदर लिहून बसला आहे.

"पाहिलं?" ते म्हणाले. "गेली."

मला वाटलं, माझी गंमत करताहेत. त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. गंमत नव्हती. स्पीकरमधून तो पक्षी अजून गात होता.

"काका," मी म्हटलं, "वाजतंय की."

"कुठं?"

तेवढ्यात बाहेर अलार्म पुन्हा 'टीं' करून गेला. मी दचकून दाराकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग परत माझ्याकडे. "काय झालं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, अलार्मची बॅटरी. मी आल्यापासून वाजतोय.

ते माझ्याआधी सावरले. खुर्चीत बसले आणि अगदी हॉस्पिटलातल्या आवाजात म्हणाले, "एकेक सूर लिही. पिकोलोचाच. खालून वर, एकही पायरी सोडायची नाही. मी डोळे मिटतो. ऐकू आलं की बोट उचलीन. आणि मला काही सांगू नको."

मी सूर लिहिले. बटण दाबलं. गुडघ्यावर ठेवलेल्या हाताचं एक बोट दर सुराला वर होत होतं, वर होत होतं. मग ते उशिरा उठू लागलं. मग उठलंच नाही. सूर मात्र चढत होते. मिटलेल्या डोळ्यांनी, मान किंचित कलती करून, तो माणूस पुढच्या सुराची वाट बघत बसला होता आणि एकामागून एक सूर त्याच्या समोरून निघून जात होते. इतकं भयंकर मी काही पाहिलं नव्हतं. त्यात रक्त नव्हतं, आरडाओरडा नव्हता, नुसतं एक न हलणारं बोट होतं.

"थांबलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही काका," मी म्हटलं. "अजून वाजतंय."

त्यांनी डोळे उघडले. त्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता. "बाप्पा रे," ते म्हणाले. "मंगळवार."

मंगळवारी ऑपरेशन चालू असताना त्यांची थिएटरमधली मदतनीस मेगन पलीकडून आली होती आणि भुलीच्या औषधाच्या पंपावरचं एक बटण दाबून नळी सरळ करून गेली होती. डॉक्टर तिच्यावर सगळ्यांसमोर कडाडले होते की माझ्या यंत्राला हात लावायचा नाही. "तो पंप ओरडून राहिला असेल," ते आता म्हणाले. "बारीक शिटी असते त्याची. नाडीच्या यंत्राचा जाड आवाज येऊन राहिला होता मला, म्हणून मी निवांत. नळी मुडपली होती, बेटा. टेबलावरची बाई अर्ध्यात जागी झाली असती."

त्या बाईला काहीही झालं नव्हतं, ती धडधाकट घरी गेली होती. मी तेच तेच बोलत राहिले. सर्दी असेल, कानात मळ असेल, सोमवारी कानाच्या डॉक्टरांना दाखवा, मग ठरवा. "सोमवारी माझी लिस्ट आहे," ते म्हणाले. "सकाळपासून सहा जण झोपणार." आणि त्यांनी फोन उचलला. विभागप्रमुख घरी जेवत असावा. इकडचं तिकडचं काही नाही, साध्या इंग्रजीत सांगितलं की मला उंच आवाज ऐकू येत नाहीत, माझी लिस्ट दुसऱ्याला द्या, आजपासून. फोन ठेवून त्यांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. माझे डोळे वाहत होते. मग मी स्टूल आणलं आणि ती मेली बॅटरी काढून टाकली.

तपासणीत तेच निघालं. दोन्ही कानांना मशीन मिळालं. हॉस्पिटल भलं. म्हणालं, नीट तपासण्या करू, सवय होऊ दे, परत या. काकू तातडीने परतल्या, त्यांनाही तेच वाटत होतं. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती आणि या माणसाला थिएटरशिवाय करमणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं. परत जाण्यापूर्वी डॉक्टर मेगनची माफी मागायला गेले. तिथून ते सरळ माझ्या ऑफिसच्या रिसेप्शनला आले आणि कोट न काढता खुर्चीत बसले.

"ती म्हणाली, आम्हाला ठाऊक होतं डॉक्टर पी," ते म्हणाले. "वर्ष होऊन गेलं. सगळ्यांनाच. आम्ही तुमच्या वाटचं ऐकत होतो. डोन्ट यू वरी, म्हणते."

मी शेजारची खुर्ची ओढून बसले.

"प्रेम करतात माझ्यावर," ते म्हणाले. "एवढं प्रेम की वर्षभर कोणी तोंड उघडलं नाही. ऐकू तर मशीननं येईल बेटा. पण आता त्या खोलीत खरं कोण बोलून राहिलं, हे मला कसं समजणार?"

ते कामावर परत गेले नाहीत. वसंतात त्यांची रचना वाजली. पिकोलो त्यांनी काढली नव्हती. मशीन लावून ते पहिल्या रांगेत बसले होते. पक्षी किती उंचापर्यंत ऐकू आला, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

मे महिन्यात हॉस्पिटलच्या स्टाफरूममध्ये त्यांचा निरोपसमारंभ झाला. मलाही बोलावणं होतं. केक कापला, गुणगान झालं, एक वेल्श गाणं झालं. डॉक्टर उभे राहिले. माणूस विनोदी म्हणून सगळे आधीपासूनच हसायच्या बेतात होते.

"तुम्ही सगळे माझ्याशी फार मायेनं वागलात," ते इंग्रजीत म्हणाले. "माझी एकच विनंती आहे. माझ्या जागी जो येईल, त्याच्याशी असं वागू नका."

मेगनच्या हातातली कागदी बशी कलंडली आणि केक जमिनीवर पडला. डॉक्टर तिच्याजवळ गेले, गुडघ्यांवर हात टेकत वाकले आणि तुकडे गोळा केले. मग उठून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिला म्हणाले, "माझ्या यंत्राला हात लावलास, ते बरोबर होतं. मी ओरडल्यावर गप्प बसलीस, ते नाही."